डूडल घ्यायचाय – साडेतीन हजार डॉलर नेमके कशाचे?

एडिसनकर

नमस्कार मंडळी. मिनी गोल्डनडूडलचं (गोल्डन रिट्रीव्हर आणि पूडल यांच्या छोट्या संकराचं) पिल्लू बघतोय. पेनसिल्व्हेनियातल्या एका ब्रीडरने एफ१बी पिल्लाचे ३,५०० डॉलर सांगितलेत. त्यातले ५०० आधी द्यायचे, आणि ते परत मिळणार नाहीत. जाहिरातीत तीन गोष्टी ठळक अक्षरांत आहेत: केस झडत नाहीत, ॲलर्जी होत नाही, आणि संकर असल्यामुळे आईबापांपेक्षा तब्येत दणकट. घरात एकाला कुत्र्याची सौम्य ॲलर्जी आहे. या दाव्यांत तथ्य किती, किंमत रास्त आहे का, आणि पैसे देण्याआधी कुठले कागद मागायचे? 'कुत्रा घेऊच नका' हा सल्ला सासूबाईंकडून मिळालेला आहे, तो पुन्हा नको. :)

जनुकवेडी

केसांपासून सुरू करू, कारण तुमच्या ३,५०० पैकी निम्मे तरी केसांचेच आहेत.

एफ१ म्हणजे गोल्डन आणि पूडल यांची थेट पिल्लं. एफ१बी म्हणजे त्या एफ१चा परत पूडलशी संकर, म्हणजे सरासरी तीन चतुर्थांश पूडल. एफ२ म्हणजे एफ१ गुणिले एफ१. हे आकडे पिढीचे आहेत, दर्जाचे नाहीत. जाहिरातीत ते परीक्षेच्या श्रेणीसारखे छापतात, तिकडे लक्ष देऊ नका.

दाढीमिशा आणि भुवया असलेला तो टेडी बेअरसारखा चेहरा आरएसपीओ२ या जनुकामुळे येतो. हा गुण प्रभावी आहे, म्हणजे एक प्रत पुरते. पूडलकडे दोन प्रती, गोल्डनकडे शून्य. त्यामुळे एफ१ची सगळी पिल्लं एकेक प्रत घेऊन येतात आणि सगळ्यांना मिशा असतात. पण दोन एफ१ एकमेकांना लावले की चारातल्या एकाला एकही प्रत मिळत नाही. ते पिल्लू सपाट चेहऱ्याचं, गोल्डनसारखं दिसतं आणि गोल्डनसारखेच केस गाळतं. तुमच्या एफ१बीत बाप पूडल असल्यामुळे मिशा नक्की. दोन एफ१बींच्या पिल्लांत मात्र सोळात एकाला त्या नसण्याची शक्यता पुन्हा येते. 'मल्टिजेन' (डूडललाच डूडल लावून काढलेल्या पुढच्या पिढ्या) म्हणून जादा पैसे मागणाऱ्याला हे जरूर विचारा.

केस गळण्याशी एमसी५आर नावाचं आणखी एक जनुक निगडित आहे. गोल्डन आणि लॅब्रेडॉर दोघेही भरपूर गाळणारे. एफ१मध्ये गाळण्याची एक प्रत असतेच. एफ१बीत निम्म्या पिल्लांत ती असते, निम्म्यांत नसते. कुरळेपणा केआरटी७१ वरून ठरतो, त्याची एक प्रत असली तर लाटा, दोन असल्या तर घट्ट कुरळे. या तिन्हींची तपासणी गालाच्या आतून फिरवलेल्या एका बोळ्यावर होते. तेव्हा 'झडणार नाही' असं तोंडी आश्वासन घेऊ नका, *त्या विशिष्ट पिल्लाचा* कोट रिपोर्ट (केसांच्या जनुकांचा अहवाल) मागा. आठ आठवड्यांची सगळीच पिल्लं मऊ आणि न झडणारी असतात, डोळ्यांनी काही कळत नाही.

मेलबर्नचा_बंडू

या सगळ्या डूडल प्रकाराची सुरुवात इकडची, ऑस्ट्रेलियातली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस हवाईतल्या एका दृष्टिहीन बाईंना गाइड डॉग हवा होता, पण त्यांच्या नवऱ्याला ॲलर्जी. व्हिक्टोरियातल्या गाइड डॉग संस्थेत पैदाशीचं काम बघणाऱ्या वॉली कॉनरन यांनी तीन वर्षं पूडलवर खपून पाहिलं, एकही त्या कामाला उतरला नाही. मग लॅब्रेडॉरच्या मादीला पूडल लावला. तीन पिल्लं झाली. त्यांचे केस आणि लाळ हवाईला धाडली आणि नवऱ्याला चाललं ते एकच, सुलतान. एकाच वेतातली सख्खी भावंडं, तरी तीनात एक! ॲलर्जीबद्दलचं सगळं त्या पहिल्या वेतातच कळून चुकलं होतं.

पुढची मजा अशी, की 'संकर आहे' म्हटल्यावर कुणी पिल्लू सांभाळायला घेईना. म्हणून कॉनरननी 'लॅब्राडूडल' नावाची नवी जात आल्याची बातमी पसरवली आणि फोनची रीघ लागली. कुत्रा तोच, फक्त बारसं झालं. २०१९मध्ये ऑस्ट्रेलियाच्या एबीसीवर त्यांनी याचा पश्चात्ताप होतो असं उघड सांगितलं. कारण नंतर ज्याच्यात्याच्या पैदाशीत तपासणी नावाला उरली नाही.

२००९च्या जानेवारीत ओबामांनी 'लॅब्राडूडल की पोर्तुगीज वॉटर डॉग' असं जाहीरपणे म्हटल्यावर अमेरिकेत आणखी हवा झाली. घेतला त्यांनी पोर्तुगीजच.

शिंकोबा

ॲलर्जी *केसांची* नसते. ती लाळ, त्वचेचा कोंडा आणि मूत्र यांतल्या प्रथिनांची असते. मुख्य प्रथिनाला कॅन एफ १ म्हणतात. केस गळले नाहीत तर कोंडा कमी उडतो, एवढंच. २०११मध्ये डेट्रॉइटच्या संशोधकांनी घराघरांतली धूळ मोजली, तेव्हा 'हायपोॲलर्जेनिक' कुत्र्यांच्या आणि इतर कुत्र्यांच्या घरांत फरक सापडला नाही. २०१२च्या डच अभ्यासात तर पूडल, लॅब्राडूडल यांच्या केसांवर हे प्रथिन इतर जातींपेक्षा *जास्त* निघालं. लॅब्राडूडलच्या घरात जमिनीवर थोडं कमी होतं, हवेत मात्र फरक नव्हता.

करायचं काय? ॲलर्जीच्या डॉक्टरांकडून घटकनिहाय रक्ततपासणी करून घ्या, कॅन एफ १ ते ६ वेगवेगळे. कॅन एफ ५ नराच्या प्रोस्टेटमध्ये तयार होतं. काही जणांना फक्त त्याचाच त्रास असतो. तसं निघालं तर मादी घ्या, प्रश्न मिटला, जात कुठलीही चालेल. कॅन एफ १ निघालं तर पिल्लाच्या *आईबापांबरोबर* बंद खोलीत दोनतीन तास बसा, वेगवेगळ्या दिवशी दोनदा. एका भेटीत काही झालं नाही म्हणजे झालं असं नाही. आईबापांबरोबर कारण छोट्या पिल्लाच्या अंगावरून मोठ्या कुत्र्याचा अंदाज येत नाही. अंघोळीने प्रथिन उतरतं, पण दोनचार दिवसांत पूर्वपदावर येतं. म्हणजे आठवड्यातून दोनदा धुवावं लागेल. डूडलला ते काय प्रकरण असतं हे खाली कुणीतरी सांगेलच.

लेस्टरवासी

तब्येतीबद्दल: लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२४मध्ये नऊ हजारांवर कुत्र्यांची माहिती घेऊन कॉकापू (कॉकर स्पॅनियल-पूडल), कॅवापू (कॅव्हेलियर-पूडल) आणि लॅब्राडूडल यांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना केली. ५७ विकार तपासले. सुमारे ८७ टक्के तुलनांमध्ये काहीच फरक नाही. उरलेल्यांत डूडल थोडे बरे आणि थोडे वाईट, जवळपास बरोबरीत.

जनुकवेडी

+१. संकराचा फायदा होतो तो *वेगवेगळे* दोष असतील तेव्हा. गोल्डनमध्ये इक्थिओसिस आहे, पूडलमध्ये नाही, तर एफ१ त्यातून सुटतो. पण पीआरसीडी-पीआरए हा डोळ्याचा पडदा निकामी करणारा आजार पूडल, गोल्डन, लॅब्रेडॉर तिघांतही आहे. खुब्याच्या सांध्याची तक्रारही तशीच. दोघांकडून एकेक प्रत आली की संकराचा उपयोग शून्य.

पिल्लूपारखी

कागदांवर येऊ. तुमच्या एफ१बीसाठी आई (एफ१) आणि बाप (मिनी पूडल) अशा दोघांचे हवेत.

पहिलं, खुब्यांचा एक्स-रे निकाल. ओएफए (कुत्र्यांच्या तपासण्यांची नोंद ठेवणारी अमेरिकन संस्था) हिचा अंतिम ग्रेड कुत्रा २४ महिन्यांचा झाल्यावरच मिळतो, पेनहिप ही खुब्यांच्या एक्स-रेची दुसरी पद्धत १६ आठवड्यांपासून करता येते. आईला कोपरांचंही हवं, मिनी पूडलला गुडघ्याच्या वाटीचं हवं, कारण लहान पूडलमध्ये वाटी सरकते. हृदय तपासलेलं असावं, शक्यतो हृदयतज्ज्ञाने, गोल्डनच्या वंशात महाधमनी आक्रसण्याचा दोष आहे. डोळ्यांची तपासणी नेत्रतज्ज्ञ पशुवैद्याने गेल्या वर्षभरात केलेली. आणि या सगळ्याशिवाय डीएनए पॅनेल, म्हणजे आनुवंशिक आजारांची जनुकतपासणी.

गोंधळ इथेच घालतात. 'पेरेंट्स हेल्थ टेस्टेड' लिहायचं आणि फक्त डीएनए रिपोर्ट दाखवायचा. डीएनएवरून खुबे कळत नाहीत, तो अनेक जनुकांचा आणि वाढीचा मामला आहे. 'व्हेट चेक्ड' म्हणजे तर स्टेथोस्कोप लावला आणि जंताचं औषध दिलं. फोटो घेऊ नका, कुत्र्याचं नोंदणीचं नाव किंवा ओएफए नंबर घ्या आणि त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः शोधा. पाच मिनिटांचं काम आहे.

करारात बघा: हमीत 'पिल्लू परत केल्यास बदली पिल्लू' एवढंच असेल तर ती हमी कागदापुरती. आठ महिने सांभाळलेला कुत्रा कोण परत करतो? काही करारांत अमुक एक व्हिटॅमिनची भुकटी आयुष्यभर त्यांच्याच लिंकवरून घेतली तरच हमी लागू, असं कलम असतं. ते दिसलं की उठा.

रंगाचे जादा पैसे देऊ नका. विशेषतः 'मर्ल', म्हणजे ठिपक्याठिपक्यांचा करडा. गोल्डन, लॅब, पूडल यांच्यात मुळात मर्ल नाही. म्हणजे मध्ये कुठेतरी तिसरी जात शिरली. दोन मर्ल एकमेकांना लावले तर चारातल्या एका पिल्लाला दुहेरी प्रत जाते, आणि अशा पिल्लांत बहिरेपण-आंधळेपणाचा धोका मोठा.

हिशेबनीस

मी थोडी ब्रीडरची बाजू घेतो. दोन वर्षं कुत्री सांभाळायची, वर लिहिलेल्या सगळ्या तपासण्या, माजावर आल्यावर दर दोनतीन दिवसांनी प्रोजेस्टेरॉन या संप्रेरकाची रक्ततपासणी, गोल्डन मादी आणि मिनी पूडल नर असेल तर उंचीमुळे बहुतेकदा कृत्रिम रेतन, अडलं तर सिझेरियन, आणि आठ आठवडे रात्रंदिवस पिल्लं. हे सगळं जो खरोखर करतो त्याच्या ३,५०० ला मी महाग म्हणणार नाही. अडचण अशी की काहीही न करणाराही ३,५०० च मागतो. मग स्वस्तातलं पिल्लू म्हणजे फसवणूक आणि महागातलं म्हणजे दर्जा, हे गणितही चुकतं. पैसे कागदांचे द्या.

'गार्डियन होम' ही पद्धत माहीत असावी. स्वस्तात कुत्री तुमच्या घरी ठेवायची, पण माजाच्या वेळी आणि बाळंतपणाला ती ब्रीडरकडे, काही वेतं होईपर्यंत मालकी त्याची. वाईटच असते असं नाही. पण 'हजार डॉलरमध्ये डूडल' दिसलं तर हे कलम शोधा.

लेस्टरवासी

इंग्लंडमधल्यांसाठी: एप्रिल २०२० पासून सहा महिन्यांखालचं पिल्लू मधल्या दलालाकडून विकायला बंदी आहे. पिल्लू आईबरोबर, जन्मल्या जागीच बघायचं. 'आई सध्या बाहेर नेलीय' म्हणाले की गाडी वळवा.

मेलबर्नचा_बंडू

व्हिक्टोरियात जाहिरातीत मायक्रोचिप नंबर आणि सोर्स नंबर (पिल्लू कुणाकडून आलं त्याचा) दोन्ही लागतात. सोर्स नंबर सरकारी नोंदवहीत तपासता येतो.

कात्रीवाली

आता माझं ऐका. पिल्लाची किंमत हा लहान आकडा आहे. मध्यम आकाराच्या डूडलचं ग्रूमिंग अमेरिकेत टिपसकट १२०-१३० डॉलरच्या आसपास धरा, दर सहा आठवड्यांनी. वर्षाला आठनऊ खेपा, म्हणजे हजार-अकराशे. बारा वर्षांचे तेरा हजार! ब्रीडर हे सांगत नाही. काही ब्रीडर तर 'पहिलं वर्षभर केस कापू नका, पोत बिघडतो' असं लिहून देतात. यासारखा घातक सल्ला नाही.

का ते सांगते. पूडलचा केस गळत नाही, म्हणजे सुटलेला केस शेजारच्या कुरळ्या केसांत अडकून बसतो. गोल्डनचा मऊ आतला थर त्यात मिसळला की दोन्हींचं वाईट एकत्र येतं. सात ते बारा महिन्यांच्या दरम्यान पिल्लाचा कोट जाऊन मोठ्याचा येतो, तेव्हा दोन दिवस दुर्लक्ष झालं की गाठी. जागा ठरलेल्या: कानामागे, काखा, जांघा, पट्ट्याखाली, बोटांच्या बेचक्यात. वरून हात फिरवला तर कुत्रा मऊ लागतो, खाली कातडीलगत नमदा झालेला असतो.

हत्यारं दोनच: लांब दातांचा स्लिकर ब्रश आणि स्टीलचा कंगवा, अर्धे दात विरळ, अर्धे दाट. कुत्र्याला कुशीवर निजवा. पायाच्या पंजापासून सुरू करा आणि वर सरका. डाव्या हाताने केस वर उचलून धरा, खाली बोटभर ओळ सोडा, म्हणजे भांग पाडल्यासारखी *कातडी दिसली पाहिजे*. पाण्यात थोडं कंडिशनर मिसळून फवारा मारा, ती ओळ मुळापासून टोकाकडे विंचरा, मग पुढची ओळ. कोरड्या केसांवर जोर लावला की केस तुटतात, आणि एकाच जागी घासलं की कातडी सोलवटते. प्रत्येक भाग झाला की कंगवा कातडीपासून बाहेर ओढा. अडला तर तिथे गाठ आहे. गाठ आणि कातडी यांच्या मधल्या केसांना चिमटीत धरून मगच सोडवा, म्हणजे ओढ कातडीला बसत नाही. कात्रीने गाठ कापायला जाऊ नका, ओढल्यावर कातडी वर येते आणि तीच कापली जाते.

गुंता काढल्याशिवाय अंघोळ नाही, कधीच नाही. पाण्याने गाठ आवळते, लोकर आटते तशी. अंघोळीनंतर टॉवेलने दाबून पाणी टिपा, घासू नका. मग ब्रश करत करत मंद गरम हवेने केस *सरळ* होईपर्यंत वाळवा. उन्हात आपोआप वाळू दिलेला डूडल संध्याकाळपर्यंत पुन्हा गुंततो. शिंकोबा म्हणतात ते आठवड्यातून दोनदा धुणं म्हणजे दर वेळी हे सगळं, दीड-दोन तास.

आणि सलूनमध्ये 'थोडेसेच कापा, गोंडस दिसू दे' म्हणणाऱ्यांना: गाठी कातडीपर्यंत गेल्या असतील तर मशीनच्या ब्लेडवर लांबी वाढवायचा कंगवा चालतच नाही, तो गाठीत अडकतो. मग ७एफ (साधारण ३ मिमी) किंवा १० नंबर (दीड मिमी) लावून गाठींच्या *खालून* काढावं लागतं. कानांवरचा नमदा काढला की इतके दिवस दबलेलं रक्त एकदम खेळतं, कुत्रा डोकं झटकतो आणि कानाच्या पाळीत रक्त साकळू शकतं. ही ग्रूमरची चूक नसते. त्या रात्री कान डोक्याला हलक्या पट्टीने बांधून ठेवा.

चिमण

थोडक्यात, कुत्रा ३,५०० चा आणि न्हावी १३,००० चा.

कोथरूडी

भारतातल्यांसाठी, कारण पुण्या-मुंबईत 'माल्टीपू' (माल्टीज-पूडल), 'कॅवापू'च्या जाहिराती इन्स्टावर रोज दिसतात आणि आकडे लाखाच्या घरात सांगतात.

केनेल क्लब ऑफ इंडिया (केसीआय) संकराची नोंदणी करत नाही. 'केसीआय पेपरवाला माल्टीपू' म्हणणारा एकतर अडाणी आहे किंवा लबाड. कागद असलेच तर आईचे आणि बापाचे वेगवेगळे असतील, ते मागा. व्यापारी पैदाशीसाठी कुत्रे आयात करण्यावर सरकारने २०१६मध्ये बंदी घातली होती, त्यामुळे 'इम्पोर्टेड लाइन'वर जादा पैसे देण्याआधी तो आला कसा हे विचारा. २०१७च्या नियमांप्रमाणे ब्रीडरची राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही, मादी दीड वर्षाच्या आत किंवा आठ वर्षांनंतर वापरता येत नाही आणि आयुष्यात पाचच वेतं. 'पस्तीस दिवसांचं, लगेच घेऊन जा' ही जाहिरातच बेकायदा आहे. दोन महिन्यांच्या पांढऱ्या मऊ गोळ्यावरून तो माल्टीपू की ल्हासा-शिह त्झूचं मिश्रण, हे डीएनएशिवाय छातीठोकपणे सांगता येत नाही.

दुसरं, कोकण, मुंबई, गोवा. पावसाळ्यात केस आतून वाळत नाहीत आणि कानात यीस्ट (बुरशी) होतं. गोचीड कुरळ्या केसांत दिसत नाही, गोचीडताप मात्र होतो. जून ते ऑक्टोबर पूर्ण अंग १ सेंमीपर्यंत बारीक ठेवा. आणि मग डूडल दिसत नाही, हे आधीच कबूल करा.

श्वानमित्र_नागपूर

एक साधा प्रश्न: न झडणारा, हुशार, तपासण्यांचा दोनतीन पिढ्यांचा रेकॉर्ड असलेला कुत्रा हवाय ना? त्याला *पूडल* म्हणतात. मिनी पूडल, अंगावर एकसारखा बारीक कट. तो कापसाच्या गोळ्यांचा दरबारी कट करायलाच हवा अशी काही सक्ती नाही.

जनुकवेडी

+१००. आणि कोटचा अंदाजही नक्की असतो. एफ१बीच्या एका वेतात पंधरा पौंडांचं आणि तीस पौंडांचं पिल्लू शेजारी शेजारी निघू शकतं. 'मिनी' हा अंदाज आहे.

एडिसनकर

मंडळी, खूपच आभार. ब्रीडरकडे ओएफए नंबर मागितले. आईचे मिळाले, सापडले, ठीक वाटतायत. बापाच्या खुब्यांपुढे 'प्रिलिमिनरी' लिहिलंय. म्हणजे?

पिल्लूपारखी

म्हणजे एक्स-रे २४ महिन्यांच्या आत काढलाय. त्याच पानावर जन्मतारीख असते. आज दोन वर्षांचा झाला असेल तर अंतिम ग्रेड का केला नाही हे विचारा आणि ५०० डॉलर त्या निकालावर अडवून ठेवा: 'अंतिम ग्रेड फेअर (पास होण्यापुरता) किंवा वर आला नाही तर अनामत परत', असं करारात लिहून घ्या. अजून दोन वर्षांचा व्हायचा असेल तर त्याला आत्ता वापरलाच कसा, हा प्रश्न आहे. डोळ्यांचा रिपोर्ट कधीचा आहे?

एडिसनकर

डोळ्यांचा मिळालाच नाही, उद्या मागतो. मिनी पूडलच्या ब्रीडरचीही यादी काढतोय. कात्रीवालीताई, हार्नेस कुठला घ्यावा, गाठी होऊ नयेत म्हणून?

कात्रीवाली

कुठलाही, पण काखेत पट्टा न येणारा, आतून सॅटिन किंवा गुळगुळीत नायलॉनचा. फ्लीसचं अस्तर असलेला नको, तो केस ओढतो. आणि फिरून आल्यावर दारातच काढायचा. रात्रभर अंगावर राहिला की सकाळी काखेत नमदा तयार.